लिलावातून वाचलेले चित्र

महोदय,

अमेरिकेतल्या ‘सेंट लुईस पोस्ट-डिस्पॅच’ या वृत्तपत्राचे वारस जोसेफ पुलित्झर (धाकटे) मला फार मोठे वाटतात. नाझींनी ‘अधःपतित’ म्हणून जर्मन संग्रहालयांतून काढलेली चित्रे जून १९३९ मध्ये स्वित्झर्लंडमधील ल्युसर्नला लिलावात निघाली. तिथे पुलित्झर यांनी फ्रेंच चित्रकार मातीसचे कासव आणि तीन स्नानमग्न स्त्रियांचे चित्र घेतले. पैसा नाझींकडेच जाईल, ही भीती तेव्हा अनेकांना होती. पण चित्र वाचले. १९६४ मध्ये पुलित्झर दांपत्याने ते सेंट लुईसच्या संग्रहालयाला देऊनही टाकले!

खानदेशात केळी, कापूस, सोन्याचा पैसा कमी नाही. चाळीसगावी छायाचित्रकार-कलावंत केकी मूस यांचे कलादालन आहे. आपल्या धनिकांनी एकदा तिथे निवांत जावे. इथल्या तरुण चित्रकारांची चार चित्रे विकत घ्यावीत, आणि दिवाणखान्यात न कोंडता गावाला पाहू द्यावीत.

– एक चित्रकला शिक्षक, अमळनेर