उधारी चारचौघांत मागत नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गावोगावचे व्हॉट्सॲप ग्रुप बंदच करून टाकावेत, त्यांच्यापायी गावं फुटली, असं आपल्या दैनिकात एका वाचकाने लिहिलं आहे. वाचून मान डोलावली, पण निम्मीच. गाव फुटायला आम्हाला ग्रुपची गरज कधीच नव्हती. बांधावरून, पाणंदीवरून, पालखी आधी कुणाच्या दारात यावरून कोकणात कोर्टकचेऱ्या झाल्या, तेव्हा गावात टेलिफोन एकच, तोही पोस्टात. पण ग्रुपवर कसं बोलावं याची काही रीत बसवायला हवी, हे मात्र खरं. त्याबद्दल लिहितो.

गुहागर तालुक्यात माझं किराणा दुकान आहे. गावच्या ग्रुपचा मी ॲडमिन, पण कुणी निवडून दिलं म्हणून नव्हे. ग्रुप काढायचं ठरलं तेव्हा सगळ्या वाड्यांचे नंबर एका जागी मिळतील कुठे, अशी शोधाशोध झाली आणि ती माझ्या उधारीच्या वहीपाशी येऊन थांबली. गावातली घरं, मुंबई-ठाण्याचे चाकरमानी आणि आखातात कामाला असलेली पोरं मिळून आता चारशेच्या वर माणसं आहेत. एका ग्रुपात 1,024 जण घेता येतात. आमचं गाव तेवढं मोठं नाही ही देवाची कृपा.

ग्रुपवर कोण कुणाला काय म्हणालं हे सगळ्यांनाच दिसतं. त्यानंतर काय झालं ते मला दिसतं. सकाळी दुकानाच्या पायरीपर्यंत आलेला माणूस आत कोण उभं आहे ते बघतो आणि "मागाहून येतो" म्हणून वळतो. दोन चुलत जावा, एरवी एका रिक्षाने बाजाराला जाणाऱ्या, आता एक दहाला येते नि दुसरी ती गेल्याची खात्री करून. मी विचारत नाही. आदल्या रात्रीचे मेसेज मीही वाचलेले असतात.

यंदाच्या शिमग्याच्या तोंडावर पालखीच्या वर्गणीची यादी ग्रुपवर आली. "बाकी असलेल्यांनी त्वरित भरावी", खाली नावं, शेवटी तीन लाल उद्गारचिन्हं. त्यात खालच्या वाडीतल्या एका विधवा बाईंचं नाव होतं. त्यांनी पैसे केव्हाच दिले होते, रोख, खजिनदारांच्या पुतण्याकडे. पुतण्या चिपळूणला गेला आणि पैसे त्याच्या खिशातच राहिले. बाईंकडे साधा बटणांचा फोन. शेजारच्या मुलाने त्यांना यादी दाखवली ती दुसऱ्या दिवशी. तोवर मस्कतला असलेल्या पोरांनीही ती वाचली होती. त्या दुकानात आल्या, कमरेच्या पिशवीतून नोटा काढून काट्यावर ठेवल्या आणि म्हणाल्या, "शेठ, हे पुन्हा भरा. पालखी दारात येईल तेव्हा मला खाली मान घालून उभं राहायचं नाही."

मी पैसे घेतले नाहीत, खजिनदारांना बोलावून घेतलं. पुतण्याचा घोळ निघाला. खजिनदार भला माणूस, संध्याकाळीच त्यांच्या पडवीत जाऊन हात जोडून आला. पण ग्रुपवर? ग्रुपवर यादी तशीच. नाव चारशे जणांपुढे लागलं आणि माफी एकटीच्या पडवीत, हा हिशेब मला जुळेना. मी म्हटलं, जिथे लावलंत तिथेच काढल्याचं लिहा. त्यांचं म्हणणं, त्याने विषय पुन्हा चघळला जाईल. बरीच हुज्जत झाली. अखेर त्यांनी दोन ओळी लिहिल्या: अमुक घराची वर्गणी वेळेत मिळाली होती, नोंद आमच्याकडून राहिली. कुणी काही चघळलं नाही.

माझ्या वहीत अर्ध्या गावाची उधारी आहे. शेजारी दुसरं गिऱ्हाईक उभं असेल तर मी आकडा तोंडाने काढत नाही. वही फिरवून पुढे करतो आणि ओळीवर बोट ठेवतो. वडिलांनी लावलेली सवय. यात सभ्यता आहे तसा धंदाही आहे, कारण चारचौघांत लाजवलेलं गिऱ्हाईक त्या दिवशी पैसे टाकतं आणि पुढच्या महिन्यापासून शृंगारतळीच्या बाजाराला जातं. ग्रुपवर एखाद्या माणसाबद्दल लिहिताना हीच रीत धरावी, एवढंच माझं सांगणं आहे. आधी त्याला फोन करावा. उचलला नाही तर त्याला एकट्याला मेसेज. तेवढ्याने भागलं नाही तर गावकी आहे, तिथे तो समोर बसलेला असतो, त्याला उत्तर देता येतं. ग्रुप सगळ्यांत शेवटी. आमच्याकडे गाडी नेमकी उलटी चालते: आधी ग्रुप, मग गावकी, आणि फोन तर कुणीच करत नाही.

रेंजचं एक प्रकरण आहे, ते शहरातल्या वाचकांना ठाऊक नसेल. आमची खालची वाडी खाडीला लागून, तिथे फोन म्हणजे नुसता टॉर्च. सड्यावर चढून आलं की रेंज येते. समजा, दुपारी पाखाडीच्या, म्हणजे चिऱ्यांच्या पायवाटेच्या, कामावरून ग्रुपवर जुंपली. चिरे कुणी उचलले, बिल कुणी लावलं वगैरे. तीनच्या सुमारास एकाने "माझा शब्द चुकला" म्हटलं, दुसऱ्याने हात जोडल्याचं चित्र टाकलं, विषय मिटला. संध्याकाळी सातला खालच्या वाडीतले एक काका चहापावडर न्यायला वर येतात. दुकानासमोर त्यांच्या खिशात टिंग टिंग सुरू होतं, सगळी दुपार एकदम येऊन पडते. ते पहिला मेसेज वाचतात, तिथेच पायरीवर बसतात आणि चष्मा कपाळावर चढवून एका बोटाने त्याला उत्तर लिहायला घेतात. खालचे वाचतच नाहीत. रात्री आठला मिटलेलं भांडण नव्याने उभं. वेलदूरच्या जेटीला होडी लागली की खलाशी पोरांचंही असंच होतं. म्हणून मी दुकानात पाटी लावली आहे: "आधी शेवटपर्यंत वाचा, मग लिहा." लोक हसतात. काका आता चहापावडर घेतात, सगळं वाचतात आणि बहुतेक वेळा नुसते "हूं" म्हणून उतरतात.

आता जे सांगतो ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडचे एक वृद्ध गृहस्थ पहाटे गेले. थोरला मुलगा डॉक्टरांना आणायला गेलेला, घरात सून आणि शेजारी. त्या शेजाऱ्यांपैकी कुणीतरी त्यांचा लग्नातला फेट्यातला फोटो काढला आणि "भावपूर्ण श्रद्धांजली" लिहून ग्रुपवर टाकला. खाली हात जोडलेल्यांची रांग लागली. त्यांची मुलगी विरारला असते. ती त्या वेळी लोकलमध्ये होती, चर्चगेटकडे जाणारी, उभी. घरचा फोन लागेना म्हणून तिने दुकानाचा लावला. मी साखर तोलत होतो. ती म्हणाली, "काका, तो ग्रुपवरचा फोटो खरा आहे का?" मागे गाडीचा आवाज, बायकांची बडबड. मी काट्यावरची साखर तशीच ठेवली आणि तिला आधी पुढच्या स्टेशनला उतरायला सांगितलं. उतरून बाकावर बसल्याचं तिने सांगितल्यावर पुढचं सांगितलं.

फोटो टाकणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. त्याला सगळ्यांच्या आधी कळवायचं होतं, एवढंच. मी त्याला नंतर विचारलं, आधी म्हणजे कुणाच्या आधी? त्याच्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर गावकीत ठरलं की मरणाची बातमी घरच्यांनी "आता टाका" म्हटल्याशिवाय ग्रुपवर जाणार नाही. अपघात नि आजारपणालाही तेच लागू. फोटो तर नाहीच. हा नियम आमच्याकडे सगळ्यांत कमी भांडून झाला.

टाळेबंदीच्या साली, 2020 मध्ये, गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांना किती दिवस वेगळं ठेवायचं यावरून कोकणभर वाद पेटला होता. सरकारने चौदाचे दहा दिवस केले तरी तो विझला नाही. आमच्या ग्रुपवर दोन सख्खे भाऊ त्यात सापडले, धाकटा गावात, थोरला भांडुपला. धाकट्याने लिहिलं, "तुम्ही येऊन आम्हाला मारणार." थोरल्याने लिहिलं, "घराचे चिरे माझ्या पगाराचे आहेत." हेच फोनवर बोलले असते तर दोघांचाही आवाज मध्येच फुटला असता आणि सकाळपर्यंत विसरले असते. पण लिहिलेलं होतं, आणि दोन्ही घरांत त्याचे स्क्रीनशॉट निघाले. मेसेज पुसून उपयोग झाला नाही. आजही गणपती एक, आरतीला दोघं शेजारी उभे, आणि प्रसाद एकमेकांना द्यायचा तो पोरांच्या हातून.

लोक म्हणतात, ॲडमिन काय करतो? मला एकदोनदा "तुझ्यावर केस टाकतो" अशी धमकीही आली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये सांगितलं आहे की सदस्याने काही आक्षेपार्ह टाकलं तर समान हेतू किंवा आधी ठरवलेला बेत असल्याशिवाय ॲडमिनला गुन्हेगार धरता येत नाही. त्याचं कात्रण मी आगरबत्तीच्या फळीवर चिकटवलं आहे. धमक्या थांबल्या. कायद्यावर माझा भरवसा तेवढाच. पालघरही कोकणातलंच, तिथे नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे गेल्यावरच्या बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या म्हणून एका मुलीला आणि त्या ओळींना लाईक केलं म्हणून तिच्या मैत्रिणीला अटक झाली होती. ज्या कलमांनी ती झाली त्यातलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66-अ सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी रद्द केलं. तेव्हा पोलिसांनी ग्रुपना वळण लावावं असं कुणी म्हणालं की मला ते नको वाटतं. ते आमचं आम्हीच लावायचं आहे.

हातात सोयी पुष्कळ आहेत. लिहिलेला मेसेज पंधरा मिनिटांत दुरुस्त करता येतो, पण कोकणी माणसाचा राग पंधरा मिनिटांत उतरल्याचं मी पाहिलेलं नाही. ॲडमिनला कुणाचाही मेसेज पुसता येतो. तो मी फार क्वचित पुसतो, कारण "ॲडमिनने डिलीट केला" एवढं दिसलं की त्यात काय होतं ते विचारायला निम्मं गाव दुकानात येतं. ग्रुप सोडला तर आता फक्त ॲडमिनला कळतं, ही सोय मात्र चांगली. सोडणाऱ्याला मी परत जोडत नाही, फोन करून कसं चाललंय ते विचारतो. काही जण महिन्याने स्वतःच म्हणतात, घ्या परत.

पुढे ढकललेल्या मेसेजबद्दल फार लिहीत नाही. जुलै 2018 मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं, ते महाराष्ट्राला माहीत आहे. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच जागी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. आमच्याकडे अशी बातमी आली की मी एवढंच विचारतो: तुम्ही पाहिलंत का, की आलं म्हणून पाठवलंत? बहुतेक वेळा पुढे शांतता.

त्या वाचकांनी "गुड मॉर्निंग" वाल्यांवरही तोंडसुख घेतलं आहे. इथे मात्र मी त्यांच्या विरुद्ध आहे. आमच्या वरच्या वाडीत कुलूपबंद घरं जास्त, उघड्या घरांतही एकेकटी म्हातारी माणसं. त्यातल्या एक मावशी रोज सकाळी सातच्या आत गुलाबाचं फूल आणि सुविचार टाकतात. सुविचार पुष्कळदा कालचाच असतो. एकदा नऊ वाजले तरी फूल आलं नाही, तेव्हा कुणी न सांगता शेजारचा पोरगा बघायला गेला. मावशी न्हाणीघरात पाय घसरून पडल्या होत्या. तरुण मंडळींनी गुड मॉर्निंग बंदीचा ठराव गावकीत आणला आहे आणि पुढच्या बैठकीत तो येईल. मी विरोधात बोलणार आहे. फार तर फुलांसाठी वेगळा ग्रुप काढू म्हणेन, पण मग तो बघणार कोण, हा प्रश्न उरतोच.

माझं नाव-गाव आपल्याकडे दिलं आहे, ते कृपया छापू नये. मला लपायचं नाही, आमच्या ग्रुपवरच्या लोकांना मी कोण ते दुसऱ्या परिच्छेदातच कळलं असेल. पण नाव छापलंत तर त्या बाई कोण, ते भाऊ कोण, हे बाहेरच्यांनाही कळेल. त्यांना विचारूनच हे लिहिलं आहे. बाई म्हणाल्या, "लिहा, पण माझं नाव नको." थोरल्या भावाने अजून उत्तर दिलेलं नाही, धाकट्याने "लिही" म्हटलं. थोरल्याचं उत्तर येईपर्यंत पत्र थांबवावं, असं वाटलं तर तो परिच्छेद गाळून छापावा.

आपला,
एक किराणा दुकानदार,
ता. गुहागर, जि. रत्नागिरी