हात दुखतात म्हणून रिकामं बसवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात संधिवातावर अधूनमधून जे काही येतं ते मी सगळं वाचते, गुडघ्यांवर तर बरंच येतं, व्यायाम कुठला करावा, वजन कसं आटोक्यात ठेवावं, ऑपरेशन कधी करावं वगैरे. चांगलंच असतं ते. पण हाताच्या बोटांच्या दुखण्यावर फार कमी छापून येतं आणि आलंच तर त्यात एका गोष्टीबद्दल कोणी बोलतच नाही, ती म्हणजे ज्याचे हात दुखतात त्याने दिवसभर करायचं काय. गुडघे दुखले की माणूस बसतो आणि बसल्या बसल्या हाताने काहीतरी करतो. पण हातच दुखायला लागले की बसून करायच्याच सगळ्या गोष्टी जातात हो. विणकाम गेलं, भरतकाम गेलं, पेटी गेली, लिहिणं गेलं, कुंड्यांमधली खुरपणी गेली, पत्ते धरता येत नाहीत, जाड पुस्तक दोन मिनिटं हातात धरलं की अंगठ्याच्या बुंध्यातून कळ येते. दिवस मात्र तेवढाच लांब राहतो. त्यावर लिहायचं म्हणून हे पत्र.

आधी दुखण्याबद्दल थोडं सांगते, कारण सगळे सरसकट संधिवात म्हणतात आणि त्यात वेगवेगळी दुखणी येतात. एक झिजेचं, यात सांध्यातली कूर्चा झिजते, अंगठ्याचा बुंधा आणि बोटांची टोकाकडची पेरं जास्त धरली जातात, पेरांवर टणक गाठी येतात. त्यांना हेबर्डनच्या गाठी म्हणतात, हेबर्डन हे इंग्रज डॉक्टर, त्यांनी केलेलं या गाठींचं वर्णन 1802 साली पुस्तकात छापलं गेलं, म्हणजे दुखणं काही नवीन नाही. माझं हेच आहे. दुसरा आमवात म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते, तो अगदी तरुण वयातही होतो, सकाळी उठल्यावर बोटं तासभर किंवा त्याहून जास्त वेळ आखडलेली राहतात, दोन्ही हातांचे मुठीचे सांधे आणि मनगटं सुजतात. असं होत असेल तर बाकीचं नंतर, आधी सांध्यांच्या स्पेशालिस्टकडे जा, औषधं वेळेत सुरू झाली तर सांध्यांचं कायमचं नुकसान बरंचसं टाळता येतं.

आता मुद्द्यावर येते. हात दुखायला लागले की पहिला सल्ला मिळतो तो "आता आराम करा." मला एका डॉक्टरांनी हेच सांगितलं, एक्स-रे बघितला, गोळ्या लिहून दिल्या, हातांना आराम द्या म्हणाले आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. तुम्ही दिवसभर हाताने काय काय करता, त्यातलं काय बंद पडलंय, हे विचारलंच नाही. मग घरचे सुरू होतात. "राहू दे, मी करतो." "तू नको हात लावूस." "आयुष्यभर केलंस की, आता बस निवांत." मायेनेच म्हणतात हे मला कळतं, पण दिवसातून सारखं राहू दे, राहू दे ऐकत राहिलं की माणसाला वाटायला लागतं की आपण आता कशाच्याच कामाचे नाही. आणि रिकाम्या वेळात दुखणं वाढतं, हे ज्याला होतं त्याला विचारा. लक्ष दुखऱ्या जागेवर खिळलं की जास्त दुखतं आणि मन कशात गुंतलं की कमी जाणवतं, हे वेदनेचा अभ्यास करणारे लोकही सांगतात.

शिवाय हात नुसते ठेवून दिल्याने बरेही होत नाहीत, उलट आखडतात, स्नायूंची ताकद जाते. ब्रिटनमध्ये आमवाताच्या 490 पेशंटवर एक अभ्यास झाला होता, 2015 साली लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये छापून आला, त्यातल्या निम्म्या लोकांना हात ताणायचे आणि हातांना बळ यायचे व्यायाम नीट शिकवून करायला दिले होते, वर्षभराने त्यांचे हात बाकीच्यांपेक्षा चांगले चालत होते आणि व्यायामामुळे दुखणं काही वाढलं नव्हतं. म्हणजे हात वापरायचेत. कसे वापरायचे एवढंच शिकायचं आहे. सांधा लाल, गरम, सुजलेला असेल तेव्हा विश्रांती हवीच, त्याबद्दल वाद नाही.

माझं म्हणणं असं की काम काढून घेऊ नका, कामाची रीत बदला. आणि रीत बदलायची तर आधी हे शोधा की त्या कामात माणसाला नेमकं आवडत काय होतं. विणकामाचंच घ्या. आपण म्हणतो विणकाम सुटलं, पण त्यात किती गोष्टी असतात बघा, रंग निवडणं, नमुना डोक्यात बसवणं, टाके मोजणं, सुया चालवताना लागणारी ती लय, आणि शेवटी कोणाला तरी आपल्या हातचं काहीतरी देणं. यातली लय तेवढी बोटांची आहे, बाकी सगळं डोळ्यांचं, डोक्याचं आणि मनाचं आहे, ते संधिवाताने जात नाही. माझ्या ओळखीतल्या एक बाई आहेत, आमवाताने बोटं वाकडी झालीयेत, सुई धरणं अशक्य, त्या आता शेजारच्या दोन मुलींना विणकाम शिकवतात. स्वतः सुईला हात लावत नाहीत. पोरगी विणत असते आणि या समोर बसून नुसतं बघतात, "थांब, मागचा टाका उलटा पडलाय, दोन टाके उसव," असं लांबून सांगतात आणि ते बरोबर निघतं. मुलगी आधी मानायचीच नाही की एवढ्या लांबून टाका दिसतो. या बाईंना रंग आणि नमुने आवडायचे, ते त्यांना परत मिळालं. ज्याला लय आवडत होती त्याला दुसरं काहीतरी शोधावं लागेल, तळहाताने वाजवायचं एखादं वाद्य, मोठमोठ्याने कविता म्हणणं, गाणं. प्रत्येकाचं वेगळं निघणार, म्हणून दुसऱ्याने हातात यादी देऊन भागत नाही, हे त्या माणसाबरोबर बसून काढावं लागतं.

आणि पुष्कळदा काम तेच ठेवून नुसतं हत्यार बदललं तरी चालतं. चिमटीत काही धरलं की अंगठ्याच्या बुंध्यावर किती भार येतो याचा हिशोब अभ्यासकांनी केलाय, टोकाला 1 किलोचा जोर लावला तर बुंध्याच्या सांध्यावर साधारण 12 किलोचा येतो. म्हणून बारीक पेन, बारीक सुई, चावी, कपड्यांचा चिमटा या फुटकळ वाटणाऱ्या वस्तूच सगळ्यात जास्त छळतात. उपाय सोपा आहे, वस्तू जाड करा. मी पेनावर फोमची नळी चढवलीय, पाइपावर गुंडाळतात तसली, बोटं जवळजवळ उघडीच राहतात आणि पेन अंगठ्याच्या चिमटीत न धरता पहिल्या दोन बोटांच्या बेचक्यातून जातं, अक्षर थोडं मोठं येतं पण येतं. ब्रश, खुरपं, चमचा, सगळ्यांना हे करता येतं. पुस्तकाला स्टँड घ्या नाहीतर उशीवर ठेवून वाचा. पत्त्यांसाठी लाकडी खाचेची पट्टी मिळते, पत्ते तिच्यात उभे राहतात, हातात धरावे लागत नाहीत. बुद्धिबळाची सोंगटी चिमटीने उचलवत नसेल तर मोबाइलवर नुसतं टेकवून खेळता येतं. अंगठ्याला आधार देणारा स्प्लिंट मिळतो तो मापाचा करून घ्यावा, आणि हे सगळं ज्यांचं काम आहे त्यांना ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं कारण त्यांच्याकडे जा असं कोणी सांगितलंच नाही. डॉक्टरांनी चिठ्ठीवर गोळ्यांच्या खाली ही एक ओळ लिहायला काय हरकत आहे.

वेळेचंही एक आहे. बरं वाटतंय म्हणून तास-दीड तास एकाच गोष्टीला बसलं की पुढचे दोन दिवस जातात. पंधरा-वीस मिनिटं झाली की दुखायच्या आधीच उठायचं, दुसरं काहीतरी करायचं, परत यायचं. काम थांबवल्यावरही दोन तासांपेक्षा जास्त ठणकत राहिलं तर तेवढं काम जास्त झालं असं समजायचं आणि पुढच्या वेळी कमी करायचं. सकाळी बोटं आखडलेली असतात तेव्हा कोमट पाण्यात हात बुडवून हळूहळू मुठी उघडमिट करायच्या, नाजूक कामं दुपारकडे ठेवायची.

लिहिण्याचं सांगायचं राहिलं. हे पत्र मी बोलून लिहिलंय, मोबाइलच्या कीबोर्डवर माइकचं चिन्ह असतं ते दाबून मराठीत बोललं की अक्षरं उमटतात. जोडाक्षरं कधी चुकतात, विरामचिन्हं आपल्यालाच घालावी लागतात, पण ज्याला महिनोन् महिने दोन ओळी लिहिता आल्या नाहीत त्याला समोर स्वतःचं वाक्य उमटताना बघून काय वाटतं ते सांगता येत नाही. जुन्या आठवणी, घराण्याची माहिती, कोणाला पाठवायची लांबलचक पत्रं, सगळं असं होऊ शकतं. आणि ज्यांचा आवाज चांगला आहे त्यांनी कॉमन व्हॉइस म्हणून प्रकल्प आहे तो बघावा, स्क्रीनवर आलेली वाक्यं मोठ्याने वाचायची, मराठीतही आहे, आपल्या आवाजामुळे कॉम्प्युटरला मराठी कळायला मदत होते. हात जवळजवळ लागतच नाहीत आणि उपयोगाचं काम केल्याचं समाधान मिळतं. जास्त दुखणाऱ्या दिवसांसाठी असं बिनहाताचं काहीतरी आधीच ठरवून ठेवलेलं बरं, कारण त्या दिवशी सुचत काही नाही.

कोणी म्हणेल ही सगळी मन रमवायची साधनं झाली, खरं काम वेगळं. म्हणून डोरोथी हॉजकिन यांचं उदाहरण देते. ब्रिटिश शास्त्रज्ञ, वयाच्या 24व्या वर्षी आमवात झाला, हात पार वाकडे झाले. प्रयोगशाळेत एक्स-रे मशीनचा मुख्य स्विच त्यांना दाबता येईना, तर त्या स्विचला दांडा बसवून घेतला आणि काम पुढे चालू. पेनिसिलिनची रचना, बी-12 जीवनसत्त्वाची रचना त्यांनी शोधली, 1964 साली केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं, इन्सुलिनची रचना तर त्यानंतर 1969 मध्ये उलगडली. चित्रकार रेन्वा यांचंही तसंच, शेवटची कितीतरी वर्षं बोटं तळहातात वळलेली, ब्रश कोणीतरी हातात ठेवून द्यायचं, कॅनव्हासचं मोठं कापड रुळावर गुंडाळून फिरवायची सोय करून घेतली होती म्हणजे रंगवायचा भाग त्यांच्या हातापुढे यायचा. हाताला ब्रश बांधायचे असं सगळीकडे सांगतात, खरं तर त्या पट्ट्या तळहाताच्या कातडीला इजा होऊ नये म्हणून असायच्या. 1919 मध्ये वारले तोपर्यंत रंगवत होते. आणि अमेरिकेतल्या ग्रँडमा मोझेस, त्यांना संधिवातामुळे भरतकामाची सुई धरवेना, बहिणीने सुचवलं की मग ब्रश धरून बघ, सत्तरी उलटून गेली होती तेव्हा, पुढे 101 वर्षं जगल्या आणि चित्रकार म्हणून जगभर नाव झालं.

ही मोठी माणसं, आपल्याला नोबेल नकोय. मला यात आवडतो तो दांडा. कोणीतरी तो बनवला, रुळावरचा कॅनव्हास कोणीतरी उभा करून दिला, सुई ऐवजी ब्रश धर असं एक बहीण म्हणाली. राहू दे म्हणून हातातलं काम काढून घेण्यापेक्षा घरच्यांनी हे करावं, बस. एखाद्याला पेनावर फोम चढवून द्यायला पाच मिनिटं लागतात, माइकचं बटण कुठे आहे ते दाखवायला त्याहून कमी. आणि काम हळू झालं, थोडं वाकडं झालं तरी होऊ द्यावं, मध्येच हातातून ओढून घेऊ नये.

तुम्हालाही एक विनंती. आरोग्याच्या पानावर या विषयाला जागा द्या, ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून लिहून घ्या, वाचकांनाही विचारा की हात दुखत असताना तुम्ही काय करता, लोकांनी घरच्या घरी काय काय शोधून काढलेलं असतं ते बाहेर येईल. आणि दुसरं म्हणजे तुमचं रोजचं शब्दकोडं. सकाळची सुरुवात त्याच्यावरच करणारे माझ्यासारखे पुष्कळ जण आहेत, पण हल्ली चौकोन इतके बारीक असतात की जाड पेनाने त्यात अक्षर मावत नाही, दोन अक्षरं एकमेकांवर चढतात आणि मग खालचं उत्तर अडतं. निदान रविवारी तरी ते कोडं मोठ्या चौकोनांचं छापता आलं तर बघा ना.

आपली,
एक नियमित वाचक