थ्रेड मोकळा झाला, रांग तशीच

संपादक महोदय,

निकालाच्या दिवशी किंवा प्रवेश अर्जाच्या शेवटच्या तारखेला एखादे संकेतस्थळ बसले की ‘सर्व्हर असिंक्रोनस करा’, म्हणजे उत्तराची वाट पाहत अडकून न राहता त्याला दुसरे काम घेऊ द्या, हा सल्ला हमखास दिला जातो. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या सर्व्हरपुरते बोलायचे तर हा सल्ला अर्धाच खरा आहे, आणि उरलेल्या अर्ध्यापायी धडपणे चालणाऱ्या यंत्रणाही बिघडतात.

टॉमकॅट या जावाच्या वेब सर्व्हरमध्ये काही न बदलता २०० थ्रेड, म्हणजे एकाच वेळी कामे उरकणारे धागे, मिळतात. सिंक्रोनस पद्धतीत प्रत्येक रिक्वेस्ट उत्तर जाईपर्यंत एक थ्रेड अडवून ठेवते. काम ५० मिलिसेकंदांत उरकत असेल आणि सीपीयू पुरत असेल, तर सेकंदाला ४००० रिक्वेस्ट निघतात. तेच काम पेमेंट गेटवेच्या उत्तरासाठी दोन सेकंद थांबत असेल, तर सेकंदाला जेमतेम १००. सर्व्हलेट या जावाच्या वेब मानकाच्या ३.० आवृत्तीपासून, म्हणजे २००९ पासून, असा ताटकळणारा थ्रेड परत करून फक्त जोडणी उघडी ठेवता येते. टॉमकॅट अशा ८१९२ जोडण्या धरतो, त्यामुळे सेकंदाला १००० रिक्वेस्ट आल्या आणि २००० एकाच वेळी थांबल्या तरी त्या मावतात. असिंक्रोनसचा फायदा तो एवढाच. गेटवेचे दोन सेकंद दोनच राहतात. एकट्या ग्राहकाला काहीही लवकर मिळत नाही.

बिघाड होतो तो पुढच्या पायरीवर. जुना डेटाबेस कॉल कम्प्लीटेबलफ्यूचरच्या सप्लायअसिंकमध्ये, म्हणजे काम दुसऱ्या थ्रेडकडे सोपवणाऱ्या जावाच्या सोयीत, गुंडाळला जातो आणि काम असिंक्रोनस झाले असे समजले जाते. जेडीबीसी, म्हणजे जावातून डेटाबेसशी बोलण्याची नेहमीची सोय, हे मुळातच अडवून धरणारे. थ्रेड थांबतोच, फक्त दुसऱ्या पूलमधला, म्हणजे थ्रेडच्या दुसऱ्या साठ्यातला. स्वतःचा एक्झिक्युटर, म्हणजे स्वतःचा थ्रेडसाठा, दिला नसेल तर तो पूल म्हणजे जावाचा कॉमन पूल, आणि आठ कोअरच्या मशीनवर त्यात सात थ्रेड असतात. काल २०० जणांचे काम एकदम हाती घेणारा सर्व्हर आज सातांचेच घेतो!

त्यातून डेटाबेसची मर्यादा वेगळीच. हिकारी या डेटाबेसची कनेक्शने तयार ठेवणाऱ्या लायब्ररीच्या पूलमध्ये न सांगता दहा कनेक्शन असतात. क्वेरीला ५० मिलिसेकंद लागत असतील तर सेकंदाला २०० क्वेरी, मग पुढे थ्रेड २०० असोत की २०००. थ्रेडसाठी लागणारी रांग आता कनेक्शनसाठी लागते. तिथे ३० सेकंद थांबून एरर येते. तोवर वापरणारा दोन-तीनदा रिफ्रेश करून रांगेत भर घालतो.

म्हणून कोडला हात लावण्याआधी, गर्दी चालू असतानाच, जावासोबत येणाऱ्या जेस्टॅकने दहा-दहा सेकंदांच्या अंतराने तीन थ्रेड डंप, म्हणजे कोणता थ्रेड कुठे थांबला आहे याच्या याद्या, घ्यावेत. नावात ‘एक्झेक’ असलेले, म्हणजे टॉमकॅटचे, बहुतेक थ्रेड हिकारीच्या गेटकनेक्शनवर, म्हणजे कनेक्शनची वाट पाहत, दिसले तर क्वेरी, इंडेक्स आणि पूल पाहा. बाहेरच्या सेवेच्या सॉकेट रीडवर, म्हणजे तिच्या उत्तराची वाट पाहत, असतील तर असिंक्रोनसचा विचार जरूर करा, पण आधी त्या कॉलला टाइमआउट लावा. एक सावधगिरी: सॉकेटवर थांबलेला थ्रेडही डंपमध्ये ‘रनेबल’, म्हणजे चालू, दिसतो. वरचा शब्द पाहून सीपीयूला दोष देऊ नये, खालची ओळ वाचावी.

सिंक्रोनस-असिंक्रोनस तुलनेची चाचणीही बऱ्याचदा फसवी असते. जेमीटर या कृत्रिम गर्दी करून पाहणाऱ्या साधनात २०० युजर लावले तर २०० थ्रेडच्या सर्व्हरला थ्रेड कधी कमीच पडत नाहीत, मग फरक दिसणार कुठून? युजर दोन हजारांवर न्या, जेमीटर वेगळ्या मशीनवर चालवा, जेआयटी, म्हणजे चालता चालता कोड वेगवान करणारा जावाचा भाग, तापेपर्यंतची पहिली काही मिनिटे मोजू नका, आणि सरासरीऐवजी नव्व्याण्णवावा पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातल्या नव्व्याण्णव रिक्वेस्ट ज्या वेळात उरकतात तो आकडा, पाहा. सरासरीत रखडलेले लोक दिसत नाहीत.

नव्या कामासाठी आमचे मत व्हर्च्युअल थ्रेडच्या, म्हणजे थांबताना खालचा खरा थ्रेड मोकळा करणाऱ्या हलक्या थ्रेडच्या, बाजूने आहे. सप्टेंबर २०२३ च्या जावा २१ मध्ये ते पक्के झाले. स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कच्या ३.२ आवृत्तीत सेटिंगची एक ओळ पुरते आणि कोड सरळ, वाचण्याजोगा राहतो. मात्र जावा २४ च्या आधी सिंक्रोनाइज्ड ब्लॉकमध्ये, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणाऱ्या कोडमध्ये, थांबलेला व्हर्च्युअल थ्रेड खालचा खरा थ्रेडही अडकवतो, तेव्हा जुने ड्रायव्हर आणि लायब्ररी तपासून घ्याव्यात. आणि हिकारीची दहा कनेक्शने तेव्हाही दहाच असतात.

आपले,
जावा सर्व्हर सांभाळणारे काही वाचक, पुणे