अपमान मोजण्याची मापे वेगवेगळी का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दूरचित्रवाणीवरच्या रिॲलिटी शोमध्ये एखाद्याच्या राष्ट्रीयत्वावरून कोणी वेडेवाकडे बोलले की आपल्याकडे त्यावर दोन अगदी निराळ्या प्रतिक्रिया उमटतात. अपमान आपल्या माणसाचा असेल तर तो देशाचा, राज्याचा, भाषेचा अपमान ठरतो आणि जाहीर माफीखेरीज आपले समाधान होत नाही. अपमान दुसऱ्याचा असेल तर ‘गंमत होती, एवढे मनावर काय घ्यायचे’ असे म्हणून आपण मोकळे होतो. हा दुटप्पीपणा सीमाभागातल्या मराठी माणसाला तरी इतरांपेक्षा जास्त खटकायला हवा, असे मला मनापासून वाटते. त्यामागची कारणे जरा विस्ताराने मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

जानेवारी २००७ मधले ब्रिटनमधल्या ‘सेलिब्रिटी बिग ब्रदर’चे प्रकरण आपल्या वाचकांना आठवत असेल. मूळच्या मंगळूरच्या, म्हणजे आपल्याच कर्नाटकातल्या, शिल्पा शेट्टी या चॅनेल फोर वाहिनीवरच्या त्या घरात राहायला गेल्या होत्या. जेड गुडी, डॅनिएल लॉईड आणि जो ओमेरा या तिघी सहस्पर्धकांनी त्यांच्या उच्चारांची नक्कल केली, त्यांच्या हातच्या स्वयंपाकावर शेरे मारले; त्यांना ‘पापडम’ म्हटले गेले आणि त्यांनी आपल्या घरी चालते व्हावे, असेही शिवी हासडून बोलले गेले. सर्वांत मोठे भांडण तर स्वयंपाकात वापरायच्या रश्श्याच्या तयार वड्यांवरून झाले. त्यानंतर ब्रिटनमध्ये आणि भारतात जे घडले ते आठवण्यासारखे आहे. ऑफकॉम या तिथल्या नियामक संस्थेकडे आणि वाहिनीकडे मिळून सुमारे ४४ हजार ५०० तक्रारी गेल्या, पंतप्रधान टोनी ब्लेअर यांना संसदेत या विषयावर उत्तर द्यावे लागले आणि त्याच वेळी भारत दौऱ्यावर असलेले अर्थमंत्री गॉर्डन ब्राऊन यांच्यापुढे आपल्या पत्रकारांनी हाच विषय काढला. पाटण्यात पुतळे जाळले गेले. कारफोन वेअरहाऊस या कंपनीने प्रायोजकत्व थांबवले. जेड गुडी ८२ टक्के मते विरोधात जाऊन बाहेर पडल्या आणि २८ जानेवारीला शिल्पा शेट्टी ६३ टक्के मते घेऊन विजयी झाल्या. त्या वेळचा आपला संताप खरा होता आणि योग्यही होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

परंतु त्याच वर्षी, अवघ्या आठ महिन्यांनी, आपल्याच देशात काय झाले ते फारसे कोणी आठवत नाही. ‘इंडियन आयडॉल’च्या तिसऱ्या पर्वात दार्जिलिंगचे प्रशांत तमांग हे कोलकाता पोलीस दलातले शिपाई २३ सप्टेंबरला विजेते ठरले. त्यानंतर दिल्लीतल्या एका रेडिओ निवेदकाने, नेपाळी माणूस गाऊ लागला तर आता रखवाली कोण करणार, अशा अर्थाची टिप्पणी केली. गोरखा समाज रस्त्यावर आला, सिलिगुडीत निषेधाला हिंसक वळण लागले आणि परिस्थिती आटोक्यात आणण्यासाठी लष्कर बोलवावे लागले. जो देश जानेवारीत पुतळे जाळत होता, तो सप्टेंबरच्या या टिप्पणीवर डोंगराळ भाग सोडला तर जवळपास गप्प होता. प्रशांत तमांग भारताचे नागरिक होते, भारतातल्याच पोलीस दलाचा गणवेश घालत होते. ज्या घटनादुरुस्तीने १९९२ मध्ये आपल्या शेजारच्या कोकणीला आठव्या परिशिष्टात स्थान मिळाले, त्याच दुरुस्तीने नेपाळीलाही मिळाले. इतके सगळे असूनही एका वाक्यात त्यांना परक्या देशाचे ठरवता आले, आणि ज्या कामावर लाखो कुटुंबे प्रामाणिकपणे पोट भरतात ते काम त्यांच्या तोंडावर शिवीसारखे फेकता आले.

पुढची दोन उदाहरणे मराठी वाचकांनी शेजारी शेजारी ठेवून पाहावीत, कारण दोन्ही एकाच वाहिनीवरची आहेत. ऑक्टोबर २०२० मध्ये कलर्सवरच्या ‘बिग बॉस’च्या चौदाव्या पर्वात जान कुमार सानू यांनी निक्की तांबोळी यांना, माझ्यासमोर मराठीत बोलू नकोस, मला चीड येते, असे सुनावले. शिवसेना आणि मनसे या दोन्ही पक्षांनी आवाज उठवला, मनसेने चोवीस तासांची मुदत दिली आणि वाहिनीने थेट महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून माफी मागितली. बेळगावातही तेव्हा प्रत्येकाच्या मोबाईलवर तीच चित्रफीत फिरत होती. मलाही तो प्रकार संतापजनक वाटला होता आणि आजही वाटतो. त्यानंतर वर्षभराने, नोव्हेंबर २०२१ मध्ये, त्याच वाहिनीवरच्या ‘डान्स दीवाने’मध्ये निवेदक राघव जुयाल यांनी आसामच्या एका लहान मुलीची ओळख ‘चिनी’ भाषेच्या नावाखाली निरर्थक आवाज काढून करून दिली आणि ‘मोमो’चा उल्लेख करून टाळ्या घेतल्या. आसामचे मुख्यमंत्री हिमंत बिस्व सरमा यांनी जाहीर निषेध केल्यावर जुयाल यांनी माफी मागितली. त्या मुलीनेच आपल्याला चिनी येते असे गमतीने सांगितले होते, असा खुलासाही केला. तो खुलासा खरा मानला तरी प्रश्न उरतोच. लहान मूल असे का म्हणते, याचा विचार मंचावरच्या मोठ्या माणसांनी करायचा की त्यावर आणखी विनोद रचायचे? आणि आपल्या भागातल्या किती घरांत या प्रसंगाची चर्चा झाली?

इथे ‘ब्रिटनमध्ये द्वेष होता, आपल्याकडे नुसता विनोद असतो’ हा युक्तिवाद हमखास केला जातो. मला तो उलट दिशेने जाणारा वाटतो. शिल्पा शेट्टी यांना उद्देशून जे बोलले गेले ते बंद घरात, भांडणाच्या भरात, रागाने आंधळ्या झालेल्या माणसांच्या तोंडून आले. अर्थात ते प्रक्षेपित करणाऱ्या वाहिनीची जबाबदारी त्यामुळे कमी होत नाही आणि मे २००७ मध्ये ऑफकॉमने नेमका हाच ठपका चॅनेल फोरवर ठेवला. आपल्याकडच्या नृत्याच्या, गाण्याच्या किंवा हास्याच्या कार्यक्रमांत मात्र असे प्रसंग आधी चित्रित होतात, त्यांचे संकलन होते, हशा आणि संगीत भरले जाते, वाहिनीतली माणसे ते पाहतात आणि मगच ते आपल्या घरात येतात. म्हणजे थंड डोक्याच्या अनेक माणसांनी एकत्र बसून, हे दाखवण्याजोगे आहे, असे ठरवलेले असते. रागाच्या भरात बोललेल्या शब्दापेक्षा हा निवांतपणे घेतलेला निर्णय मला अधिक गंभीर वाटतो. वाहिन्यांचा व्यवहारही विसरू नये. २००८ मध्ये जेड गुडी यांना ‘बिग बॉस’च्या दुसऱ्या पर्वात बोलावले गेले आणि सूत्रसंचालनाची जबाबदारी शिल्पा शेट्टी यांच्याकडेच होती. एका देशात अपमानाने प्रेक्षक वाढले आणि दुसऱ्या देशात समेटाने. पुढे जेड गुडी यांना कर्करोग झाल्याचे याच कार्यक्रमाच्या दरम्यान समजले आणि मार्च २००९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्याविषयी कटुता बाळगावी असे मला वाटत नाही.

मग कोणता अपमान गंभीर आणि कोणता किरकोळ, हे आपल्याकडे ठरते कशावरून? वरची उदाहरणे पाहिली तर उत्तर सरळ दिसते. ज्याच्या मागे पक्ष उभा राहतो, मुख्यमंत्री बोलतो किंवा ज्याचा समाज रस्ते अडवू शकतो, त्याची माफी मागितली जाते. ज्याच्या मागे कोणी नाही त्याने हसून घ्यायचे. हे माप मुंबई-पुण्यातल्या मराठी माणसाला कदाचित परवडत असेल, पण बेळगाव, खानापूर, निपाणीतल्या मराठी माणसाला ते कसे परवडेल? १९५६ पासून आपण अशा राज्यात राहत आहोत जिथे आपली संख्या थोडी आहे आणि सत्तेत आपला आवाज त्याहून थोडा आहे. ‘कन्नड येत नसेल तर महाराष्ट्रात जा’ हे वाक्य एखाद्या कचेरीत, बसमध्ये किंवा दुकानात कानावर पडले नाही असा मराठी माणूस इथे क्वचितच सापडेल. ज्या गावात आजोबा-पणजोबांची घरे आहेत त्या गावात आपल्याला पाहुणे ठरवले जाते, तेव्हा पोटात कसा खड्डा पडतो ते आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. दार्जिलिंगच्या माणसाला ‘नेपाळला जा’ म्हणणे आणि गुवाहाटीच्या मुलीला ‘चिनी’ म्हणणे यांत हीच वृत्ती आहे. आपण आजवर न्याय मागितला तो भाषिक अल्पसंख्याकांना घटनेने दिलेल्या हक्कांच्या आधारावर. ते हक्क फक्त मराठी माणसासाठी लिहिलेले नाहीत.

हे प्रकार केवळ पडद्यावर राहत नाहीत. गेल्या काही वर्षांत आपल्या शहरात मोमोच्या गाड्या जागोजागी दिसू लागल्या आहेत, अनेक इमारतींच्या दाराशी नेपाळी रखवालदार आहेत आणि थंडी सुरू झाली की स्वेटर विकायला तिबेटी कुटुंबे येतात. एका गणेशोत्सव मंडळाच्या कार्यक्रमात मी पाहिलेला प्रसंग सांगतो. टीव्हीवरच्या कोणत्या तरी कार्यक्रमातून उचललेली नक्कल एक शाळकरी मुलगा करत होता. दोन्ही बोटांनी डोळ्यांचे कोपरे ताणून ‘शाब, शाब’ म्हणत तो मंचावर फिरत होता आणि पुढच्या रांगेतले मोठे लोक त्याला प्रोत्साहन देत होते. मंडपाच्या कडेलाच मोमोची गाडी होती. गाडीवरच्या तरुणाने एकदा मंचाकडे पाहिले आणि भांड्यावरचे झाकण उचलून तो पुन्हा प्लेटा भरू लागला. पुढच्या रांगेतल्या दोघा-तिघांनी नंतर त्याच्याकडूनच खाल्ले, पैसे देताना त्याच मुलासारखा आवाज काढला, आणि तो हसला. तो हसला म्हणून त्याला काही वाटले नाही, असे मानायला मी तयार नाही. दुकानाच्या गल्ल्यासमोर आपणही कित्येकदा असेच हसून बाजूला झालो आहोत.

पडद्यावरच्या थट्टेने एक सवय लागते आणि त्या सवयीचे रस्त्यावर काय होते याची उदाहरणे आपल्यापुढे आहेत. ऑगस्ट २०१२ मध्ये अफवांमुळे भयभीत झालेले ईशान्य भारतातले हजारो लोक याच राज्याच्या राजधानीतून रेल्वेगाड्या भरून गुवाहाटीकडे निघाले होते. जानेवारी २०१४ मध्ये अरुणाचल प्रदेशचा निडो तानियम हा विद्यार्थी दिल्लीत त्याच्या दिसण्यावरून झालेल्या टिंगलीतून उद्भवलेल्या मारहाणीनंतर मरण पावला. त्यानंतर ईशान्य भारतातल्या लोकांच्या अशा तक्रारींचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारला बेजबरुआ समिती नेमावी लागली. या घटनांना एखादा टीव्ही कार्यक्रम जबाबदार आहे असे मी म्हणत नाही. परंतु ज्या हशावर ही टिंगल पोसली जाते, तो हशा पिकवून वाहिन्या जाहिराती मिळवतात, एवढे तर नाकारता येणार नाही.

आपल्या मराठी हास्य कार्यक्रमांबद्दलही याच मापाने बोलावे लागेल. लुंगी नेसलेला, ‘अय्यो’ करत ‘यंडुगुंडू’ बोलणारा अण्णा अजून आपल्या प्रहसनांतून गेलेला नाही, आणि त्यावर सीमाभागातले मराठी प्रेक्षकही मनमुराद हसतात. आपल्या शेजारच्या कन्नड कुटुंबात तोच कार्यक्रम लागलेला असू शकतो, कारण इथे दोन्ही भाषांच्या वाहिन्या दोन्हींच्या घरांत पाहिल्या जातात. आपल्या भाषेचा मान मागताना समोरच्याच्या भाषेचा असा उपहास आपण चालवून घेतला, तर आपली मागणी कोण गांभीर्याने घेणार? एखादा विनोदकार स्वतःच्या समाजाची थट्टा करतो तेव्हा त्याचे मोल निराळे असते, हे मला मान्य आहे. मराठी विनोदाची ती जुनी आणि चांगली परंपरा आहे.

उपाय नवा कायदा करण्याचा नाही. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मधील सहाव्या नियमात वांशिक, भाषिक आणि प्रादेशिक समूहांचे तुच्छतादर्शक किंवा उपहासात्मक चित्रण करू नये, असे स्पष्टपणे सांगितलेले आहे. २०२१ च्या दुरुस्तीनुसार प्रेक्षकाने तक्रार केल्यास वाहिनीने पंधरा दिवसांत ती निकालात काढायची असते आणि समाधान न झाल्यास प्रसारकांच्या स्वनियमन संस्थेकडे दाद मागता येते. मात्र आपल्याकडे माफी मागितली जाते ती समाजमाध्यमावर किंवा एखाद्या नेत्याला पत्र लिहून. ऑफकॉमने चॅनेल फोरला तिच्याविरुद्धचा निष्कर्ष ‘बिग ब्रदर’च्या नव्या मालिकेच्या पहिल्याच भागाच्या आधी प्रेक्षकांना ऐकवायला लावला होता. ज्या कार्यक्रमात, ज्या वेळेला अपमान झाला, त्याच कार्यक्रमात आणि त्याच वेळेला दिलगिरी, असा दंडक आपल्या वाहिन्यांनाही घालून द्यायला हवा.

आपल्या दैनिकाला माझी विनंती आहे की मनोरंजनाच्या पानावर, जिथे या कार्यक्रमांच्या बातम्या छापल्या जातात, तिथेच तक्रार कोठे आणि कशी करायची याची माहिती मराठीत नियमितपणे द्यावी. सीमाभागातल्या मराठी वाचकांनी ती मराठीविरुद्धच्या शेऱ्यांसाठी जशी वापरावी, तशीच नेपाळी, तिबेटी, आसामी, बिहारी किंवा कन्नड माणसाच्या अपमानासाठीही वापरावी. ज्याचा अपमान झाला त्यानेच तक्रार केली पाहिजे, अशी अट त्या नियमांत कोठेही नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक नियमित वाचक
शहापूर, बेळगाव