विषय: 'एल-ट्रॅक, थ्रीडी, शिआत्सू' असे बिलावर लिहून साधी खुर्ची दिल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

तुमच्या कोल्हापुरातल्या शोरूममधून घेतलेली मसाज खुर्ची परत न्यावी आणि बिलावर लिहिलेली खुर्ची द्यावी, नाहीतर १,८५,००० रुपये परत करावेत, यासाठी हे पत्र लिहीत आहे. फोन करून झाले, व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवून झाले, तुमचा माणूस येऊन रिमोट बदलून गेला. तक्रार रिमोटची नव्हतीच.

खुर्ची माझ्या सासऱ्यांसाठी घेतली. आबांनी उमेदीची वर्षे तालमीत काढली, खासबाग मैदानात कुस्त्या केल्या. जोर-बैठका आणि लढत झाली की तेल लावून रगडून घ्यायचे आणि वस्तादांचे अंग रगडून द्यायचे, हा तिथला रोजचा शिरस्ता. त्यामुळे अंग कुठे आणि किती दाबायचे हे या माणसाला शिकवायला लागत नाही. आता खुब्यात कळ येते, आणि घरात रोज रगडून देणारे कोणी नाही. म्हणूनच शोरूममध्ये मी एकच प्रश्न विचारला होता: खुर्चीच्या पाठीत फिरून अंग दाबणारे गोळे कमरेच्या खाली जातात का? तुमच्या विक्रेत्याने डेमोच्या खुर्चीत आबांना बसवून दाखवले. त्या खुर्चीतले गोळे मानेपासून थेट बैठकीखाली मांडीपर्यंत गेले, यालाच एल-ट्रॅक म्हणतात. आबा खूश झाले, आम्ही पैसे भरले.

घरी आलेल्या खुर्चीत गोळे कमरेशी येऊन थांबतात. खालच्या अंगाला नुसती थरथर.

पाठीमागच्या कव्हरला चेन आहे आणि देखभालीसाठी ती उघडावी असे तुमच्याच माहितीपुस्तिकेत लिहिले आहे, म्हणून उघडून पाहिले. आत दोन लोखंडी पट्ट्या आहेत. त्या मानेपाशी थोड्या वाकतात, पाठीच्या बाकाने खाली येतात आणि कमरेशी रबराच्या बुचापाशी संपतात. हा झाला एस-ट्रॅक. बैठकीखाली फोम आणि थरथरणारी एक छोटी मोटर, बाकी काही नाही. गोळ्यांची गाडी वरखाली नेणारी एक मोटर आहे, मळणारी एक, थापटणारी एक. गोळे पाठीच्या दिशेने पुढे काढणारी मोटर मात्र नाहीच. ती नसेल तर खुर्ची थ्रीडी कशी, हे तुमच्या इंजिनियरनेच मला सांगावे. मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर आणि बिलावरचा नंबर यांत शेवटच्या अक्षराचा फरक आहे. दोन्हींचे फोटो सोबत जोडले आहेत.

तुमच्या रंगीत पुस्तिकेत सहा प्रकारचे मसाज छापले आहेत. पहिल्याच पानावर इतिहासही आहे: ओसाकाच्या नोबुओ फुजिमोतो यांनी १९५४ साली बनवलेली खुर्ची, तोकुजिरो नामिकोशी यांनी १९४० साली तोक्योत काढलेली शिआत्सू या जपानी मसाज पद्धतीची शाळा. वाचून बरे वाटले. पण नामिकोशींच्या शाळेत जे शिकवतात ते अंगठ्याने एका जागी सरळ दाबणे, तिथे थोडे थांबणे आणि मग हळूहळू सोडणे. खुर्चीला ते करायचे तर गाडी एका जागी थांबली पाहिजे, गोळे पुढे आले पाहिजेत आणि दाब धरून ठेवला पाहिजे. आमच्याकडे शिआत्सूचे बटण दाबले की गोळे गोल फिरू लागतात, फक्त जरा सावकाश. 'डीप टिश्यू', म्हणजे खोलवरच्या स्नायूंच्या मसाजचे बटण, दाबले तरी तेच, जरा जोरात. म्हणजे मळण्याच्या एकाच क्रियेला वेग बदलून तीन नावे दिली आहेत.

स्वीडिश मसाजचेही तसेच. त्यात लांब हात फिरवणे, कणीक तिंबल्यासारखे स्नायू मळणे, एका जागी घासणे, थापटणे आणि कंप देणे असे पाच प्रकार येतात. पैकी घासणे कोणत्याच खुर्चीला नीट जमत नाही, कारण गोळा घासत नाही, घरंगळतो. ते मला मान्य आहे. माणसाच्या हाताचे सगळे यंत्राला यावे असा माझा हट्ट नाही, आबांचाही नाही. पहिल्या दिवशी ते एवढेच म्हणाले, "आगं पोरी, ह्यो दाबतोय कुठं? नुसता कुरवाळतोय." मला वाटले वयोमानाने कुरकुरत असतील. मग मी स्वतः बसले.

'ऑटो बॉडी स्कॅन'बद्दलही सांगते. बसणाऱ्याची उंची ओळखून गोळे खांद्याशी थांबतात असा दावा आहे. आबा सहा फुटी, सासूबाई जेमतेम पाच. आबा बसले काय, सासूबाई बसल्या काय, गोळे चढतात ते एकाच उंचीवर. सासूबाईंच्या ते मानेच्या हाडावर आदळतात आणि आबांच्या फऱ्यांमध्येच अडकतात. खुर्ची रिकामी ठेवून स्कॅन लावला, तरी सगळे सोपस्कार करून ती 'स्कॅन पूर्ण' असे सांगते. तो व्हिडिओ जरूर पाहा. थापटताना डावीकडचा गोळा खट्खट् वाजतो तो वेगळाच.

एक गोष्ट चांगली आहे, तीही लिहिते. पोटऱ्यांच्या हवेच्या पिशव्या उत्तम चालतात. आवळतात, धरतात, सोडतात, आणि आबा तेवढ्यासाठी संध्याकाळी बसतात. पण पोटऱ्या दाबून घ्यायला पावणेदोन लाखांच्या वर पैसे मोजायची गरज नव्हती. तेवढ्याचे वेगळे यंत्र पुष्कळ स्वस्तात मिळते.

तुमच्या फोनवरच्या ताईंनी "पंधरा दिवस वापरा, बॉडी सेट होईल" असे सांगितले. बॉडी सेट झाल्याने कमरेशी संपलेल्या पट्ट्या मांडीपर्यंत वाढत नसतात. नंतर दुसऱ्या कोणी 'खुर्चीचे कव्हर उघडल्याने' वॉरंटी जाईल अशी तंबी दिली. पुस्तिकेतले ते पान फोटो काढून पाठवल्यावर पलीकडून उत्तर आले नाही.

माझे म्हणणे सरळ आहे. बिलावर जी खुर्ची लिहिली आहे ती, म्हणजे शोरूममध्ये दाखवलेली, याच किमतीत घरपोच द्या. ती नसेल तर पूर्ण पैसे परत करा. कूपन, पुढच्या खरेदीवर सूट, वाढीव वॉरंटी यांपैकी काही नको. दुरुस्तीही नको, कारण जे बसवलेच नाही ते दुरुस्त कसे करणार?

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. तुमचे मुख्य कार्यालय दुसऱ्या शहरात आहे म्हणून मला तिकडे यावे लागत नाही, या कायद्यात ग्राहकाला राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते. १९१५ या क्रमांकाच्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद आधीच केली आहे. बिल, पुस्तिकेची पाने, स्टिकरचे आणि आतल्या पट्ट्यांचे फोटो, व्हिडिओंचा पेनड्राइव्ह सोबत आहे.

खुर्ची न्यायला माणसे पाठवाल तेव्हा चार तरी पाठवा. आमचे घर मंगळवार पेठेतल्या जुन्या वाड्यात वरच्या मजल्यावर आहे आणि जिना अरुंद आहे. आणताना दोघांनीच चढवली, तेव्हा भिंतीचा गिलावा पडला, त्याचा खर्च मी अजून मागितलेला नाही. दुपारी दोन ते चार आबा झोपलेले असतात, ती वेळ सोडून या. आणि येण्याआधी फोन करा.

कळावे,

आपली,
(सही)
मंगळवार पेठ, कोल्हापूर