पेपर नंतर, आधी विहिरीचं पाणी

धुळे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. ‘तीन दिवसांत पेपर छापू, दीड हजार भरा’ हा मेसेज पाठवून तू विचारलंस, भरू का? नको भरूस. दीड हजार गेले तर एकवेळ चालेल, पण कॉपीराइटच्या कागदावर सही झाली की तोच पेपर दुसरीकडे देता येत नाही. मागे घ्यायचं म्हटलं की हेच लोक त्याचेही पैसे मागतात. आयएसएसएन हा नियतकालिकाचा नुसता नोंदणी क्रमांक आहे, त्यावरून दर्जा कळत नाही. पेपर गूगल स्कॉलरवर दिसला म्हणूनही काही सिद्ध होत नाही. ‘यूजीसी मान्य’ असं कुणी अजून छापत असेल तर जास्तच सावध हो, कारण मान्य जर्नलची ‘केअर’ यादी यूजीसीने 2025 च्या सुरुवातीलाच बंद केली. स्कोपस या जर्नलसूचीत असल्याचा दावा असेल तर स्कोपसच्या स्वतःच्या यादीत जाऊन नाव शोध. जर्नलने दिलेल्या लिंकवरून जाऊ नकोस, कारण नामांकित जर्नलच्या हुबेहूब नकली साइट आहेत.

आता कामाचं. ‘जळगाव जिल्ह्यातील भूजलाचा अभ्यास’ हा तुझा विषय नुसता मथळा आहे, त्यात प्रश्न कुठे आहे? यावल-रावेरची केळी ठिबकवर, ठिबकमधून युरिया जातो, मातीत त्याचं नायट्रेट होतं, आणि त्याच शिवारातलं पाणी लोक पितात. मग असं विचार: केळीच्या मळ्यातल्या उथळ विहिरींत नायट्रेट खोल बोअरपेक्षा जास्त आहे का, आणि पावसाळ्यानंतर ते वाढतं की घटतं? याचं उत्तर ‘नाही’ आलं तरी ते छापण्याजोगं आहे. पंधरा विहिरी, पंधरा बोअर, मे आणि नोव्हेंबर अशा दोन फेऱ्या, म्हणजे साठ सॅम्पल. एका विद्यार्थ्याला हे झेपतं. दोनशे सॅम्पलचा घाट घातलास तर निम्मी बाटल्यांतच शिळी होतील.

सॅम्पल घेताना मोटर दहा मिनिटं चालू दे, नाहीतर पाइपात तुंबलेलं पाणी भरून आणशील. अर्ध्या लिटरची प्लास्टिक बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळ. पीएच (आम्लता) आणि कंडक्टिव्हिटी (विद्युतवाहकता) जागेवरच घे. बाटलीत पाणी राहिलं की विरघळलेला कार्बन डायऑक्साइड उडतो आणि पीएच वर सरकतो. नायट्रेटची बाटली बर्फाच्या डब्यात चार अंशांवर ठेव आणि 48 तासांच्या आत तपास, कारण पाण्यातले जीवाणू नायट्रेटचं प्रमाण बदलतात. दर दहा सॅम्पलमागे एक दुबार घे, आणि प्रत्येक बॅचला तुलनेसाठी नुसत्या डिस्टिल्ड वॉटरचा एक ब्लँक.

पाण्याचा कडकपणा (हार्डनेस) मोजायच्या टायट्रेशनमध्ये, म्हणजे रंग बदलेपर्यंत थेंबथेंब द्रावण सोडण्यात, बहुतेकांचा घात एकाच ठिकाणी होतो. 50 मिली सॅम्पल, पीएच स्थिर ठेवणाऱ्या अमोनिया बफरने पीएच 10, रंग दाखवायला चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी, आणि ब्युरेटमध्ये (खुणा असलेल्या तोटीच्या नळीत) 0.01 मोलर ईडीटीए. रंग वाइनसारख्या लालवरून निळा व्हायला हवा. तो मध्येच जांभळा होऊन रेंगाळतो, तेव्हा पोरं ब्युरेट सोडतच राहतात. बफरची बाटली जुनी झाली की त्यातला अमोनिया उडून जातो, पीएच खाली येतो आणि शेवट धूसर होतो. अशा वेळी ताजा बफर कर. बफर टाकल्यापासून पाच मिनिटांत टायट्रेशन संपव, नाहीतर कॅल्शियम कार्बोनेट खाली बसू लागतं. ईडीटीए किती मिली लागलं त्याला 20 ने गुणलं की कडकपणा लिटरमागे मिलिग्रॅममध्ये, कॅल्शियम कार्बोनेट म्हणून, मिळतो.

नायट्रेटच्या आकड्यात आणखी एक खोच आहे. भारतीय मानकाची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे, ती नायट्रेट म्हणून. काही किट नायट्रोजन म्हणून आकडा देतात. त्याला 4.43 ने गुणल्याशिवाय तुलना केलीस तर बाद पाणी चांगलं ठरेल. सगळे आयन (पाण्यात विरघळलेले प्रभारित कण) मोजून झाले की धन आणि ऋण प्रभारांची बेरीज ताडून पाहा. फरक पाच टक्क्यांच्या आत हवा. दहाच्या पुढे गेला तर पुन्हा मोज. आकडा जुळवून आणायचा मोह मात्र धरू नकोस.

खोट्या नोंदीने काय होतं ते आपल्या खानदेशनेच बघितलंय. वनपिंगळा या दुर्मिळ घुबडाची खात्रीची नोंद 1884 नंतर नव्हती. पण माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश पक्षिसंग्राहकाच्या संग्रहातल्या एका नमुन्यावर ‘मांडवी, गुजरात, 1914’ असं लेबल होतं आणि त्याने शोधणाऱ्यांची दिशा चुकवली. पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी नमुना तपासला तेव्हा तो जेम्स डेव्हिडसनने खानदेशात जमवलेला जुनाच पक्षी निघाला, चोरून पुन्हा भरलेला आणि वर खोटं लेबल चिकटवलेला. तो बाजूला सारून जुन्या खऱ्या नोंदींच्या मुलखात शोध घेतला आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ पक्षी डोळ्यांना दिसला. म्हणून तुझ्या वहीत पेन्सिल नको. चुकलेलं रीडिंग एका रेघेने खोड, वाचता येईल असं ठेव, बाजूला कारण आणि तारीख लिही.

लिहायला बसशील तेव्हा आधी तक्ते आणि आलेख, मग पद्धत, निष्कर्ष, चर्चा. प्रस्तावना नंतर, सारांश अगदी शेवटी. लेखकांची नावं आणि त्यांचा क्रम गाइडबरोबर आत्ताच ठरव आणि ईमेलवर लेखी ठेव. काम झाल्यावर हा विषय काढला की मनं दुखावतात. ज्यांनी काम केलं नाही त्यांची नावं घालू नकोस, कितीही आदर असला तरी. आधी विद्यापीठाच्या ‘आविष्कार’ या संशोधन स्पर्धेत पोस्टर लाव, परीक्षकांचे प्रश्न वहीत टिपून घे, तिथेच पेपरची भोकं कळतात. मग डीओएजे या मुक्त जर्नलच्या यादीत फी न घेणारी जर्नल गाळून बघ आणि एका वेळी एकाच ठिकाणी पाठव. परीक्षणाला महिने लागतात. शेरे आले की प्रत्येक शेरा जसाच्या तसा उतरवून त्याखाली उत्तर दे, पटत नसेल तिथे कारणासकट. आणि तीन विज्ञान अकादमींच्या दोन महिन्यांच्या उन्हाळी फेलोशिपला अर्ज करच. हातात स्वतःचे साठ सॅम्पल असले की ‘काय करायचंय’ या रकान्यात लिहायला काहीतरी असतं.

मेच्या फेरीतल्या पहिल्या दहा सॅम्पलचे तक्ते झाले की तसेच पाठव, टापटीप नको. वहीच्या पानांचे फोटोही चालतील, प्रभारांचा हिशेब आपण फोनवर बसून ताडून बघू. घरी काका-काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
मित्र