तेलाची टाकी गेली

वेस्टबरो, मॅसॅच्युसेट्स
१३ एप्रिल २०२५

प्रिय दिल्या,

पाडव्याला फोनवर तू विचारलंस, "तू तेलाचा बॉयलर काढलास आणि आता एसी उलटा चालवून घर तापवतोस म्हणे, खरं का?" घरात माणसं होती, म्हणून "सविस्तर लिहितो" म्हणून फोन ठेवला. त्या उलट्या एसीवरचा, म्हणजे हीट पंपावरचा, हिवाळा सरलाय, शेवटचं बिल हातात आलंय, आता आकड्यांसकट सांगता येईल. आणि हे तुलाच सांगायचं होतं, कारण निम्मा निर्णय तुझ्या सांगण्यावर झाला.

आधी तेलाचं सांगतो. आमचं घर १९५६चं, लाकडी. तळघरात एका कोपऱ्यात २७५ गॅलनची लोखंडी टाकी, म्हणजे हजार लिटरच्या थोडी वर. तेल म्हणजे जवळजवळ डिझेलच, फक्त ओळखू यावं म्हणून लाल रंग घातलेलं. टँकर रस्त्यावर उभा राहायचा, माणूस लांबलचक नळी ओढत आणायचा आणि बाहेरच्या भरणीच्या पाइपला जोडायचा. तेल आत जाताना टाकीतली हवा दुसऱ्या पाइपातून शिट्टी वाजवत बाहेर येते. शिट्टी थांबली की टाकी भरली. आमची लेक लहानपणी ती शिट्टी ऐकून खिडकीत धावायची. खाली बर्नर पेटायचा, बॉयलरमधलं पाणी सत्तर-ऐंशी अंशांपर्यंत तापायचं आणि प्रत्येक खोलीत भिंतीच्या पायथ्याशी असलेल्या तांब्याच्या नळीतून फिरायचं. नळीवर ॲल्युमिनियमच्या फिन्स, म्हणजे पातळ पट्ट्या, तुझ्या धंद्यातल्या एसीच्या कंडेन्सरवर असतात तशाच.

अमेरिकेत तेलावर तापणारी बहुतेक घरं या ईशान्य कोपऱ्यातच आहेत. पूर्वी कोळसा होता, तो गेला आणि तेल आलं. आमच्या गल्लीत गॅसची लाइन आलीच नाही. त्यामुळे युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि २०२२ मध्ये गॅलनचा भाव ५ डॉलरच्या वर गेला, तेव्हा वर्षाला ७०० गॅलन जाळणाऱ्या आमच्यासारख्यांना मुकाट्याने भरण्यावाचून इलाज नव्हता.

पण मी हललो तो पैशाने नाही, एका रात्रीने. ४ फेब्रुवारी २०२३. त्या पहाटे बॉस्टनला उणे २३ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं, १९५७नंतरची सगळ्यात गार नोंद. आई तेव्हा आमच्याकडे होती. रात्री साडेअकराला बर्नर बंद पडला. टाकीच्या तळाचा गाळ ओढला जाऊन फिल्टर आणि नोझल तुंबलं होतं. दुरुस्तीवाल्याकडे रांग लागलेली, सकाळी येतो म्हणाला. आम्ही सगळे एका खोलीत जमलो, दोन विजेचे हीटर लावले, गोधड्या, घोंगड्या, जे होतं ते पांघरलं. आई काही बोलली नाही, पण तिची बोटं हातात घेतली तेव्हा ती बर्फासारखी लागली. लेक तिला बिलगून झोपली. मी रात्रभर नळ्यांमधलं पाणी गोठेल का या धास्तीत, नळ थोडे थोडे चालू ठेवून जागा होतो. त्या रात्री तिसरा हीटर लावला की खटका पडायचा, हेही लक्षात राहिलं.

सकाळ झाली आणि माझ्या डोक्यात एकच: तेल नको, वीज हवी. त्या दोन हीटरनीच आम्हाला तारलं होतं, मग सगळं घरच तसं का करू नये? सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे तेलाच्या बॉयलरच्या जागी विजेचा बॉयलर. नळ्या त्याच, फक्त बर्नरऐवजी कॉइल. खर्च कमी, एका दिवसाचं काम. मी जवळजवळ होकार दिला होता.

मग तुला फोन केला. आठवतं? तू पहिला प्रश्न विचारलास: "युनिट केवढ्याला?" मी म्हटलं, इथे साधारण ३० सेंट. तू म्हणालास, "मग गणित कर आणि मग बोल."

केलं. एका गॅलन तेलात साधारण ४० युनिट उष्णता असते, धुराड्यातून जाते ती वजा करून ३३ घरात येते. ७०० गॅलन म्हणजे वर्षाला २३,००० युनिट. ३.६० डॉलरच्या भावाने तेलाला २,५२० डॉलर. तीच उष्णता कॉइलने दिली, तर जेवढी वीज तेवढीच उष्णता, म्हणजे २३,००० युनिटचे ६,९०० डॉलर! शिवाय तो बॉयलर २० किलोवॅटचा, २४० व्होल्टला ८३ अँपिअर ओढणारा, आणि आमच्या घराचा मुख्य पुरवठाच १०० अँपिअरचा. भिंतीला लावायचे साधे हीटर, रात्रीच्या स्वस्त विजेवर विटा तापवून ठेवणारे हीटर, सगळ्यांचं मूळ गणित हेच. विटांच्या हीटरला तर रात्रीचा दर वेगळा असेल तरच अर्थ, आम्हाला तो नव्हता.

तेव्हा तू आपल्या वालचंद कॉलेजातल्या रेफ्रिजरेशन लॅबची आठवण काढलीस. जर्नलमध्ये आपण दोघांनी लिहिलं होतं की हीट पंपाचा सीओपी, म्हणजे दिलेल्या विजेच्या किती पट उष्णता मिळते तो आकडा, हा गार करण्याच्या सीओपीपेक्षा एकाने जास्त. परीक्षेपुरतं पाठ केलेलं ते वाक्य तीस वर्षांनी माझ्या तळघरात उभं राहिलं. बाहेरची उणे दहाची हवासुद्धा यंत्राच्या नळीतल्या उणे पंचवीसच्या गॅसपुढे गरमच, म्हणून तिच्यातली उष्णता उचलून आत आणता येते. कॉम्प्रेसरला एक युनिट द्यायचं आणि घरात अडीच-तीन युनिट घ्यायचे. तू म्हणालास, "फ्रीजच्या मागच्या जाळीला हात लावून बघ, तेच आहे." मी खरंच जाऊन हात लावला.

त्यातही फाटे होते. जमिनीत शेकडो फूट बोअर मारून तिथली उष्णता घेणारी पद्धत सगळ्यात उत्तम, पण बोअरचा खर्च आमच्या आवाक्याबाहेर. हवेतून पाणी तापवणारा पंप घेऊन जुन्या नळ्या वापराव्यात, असंही वाटलं. पण त्या नळ्यांना सत्तर-ऐंशी अंशांचं पाणी लागतं आणि पंप पंचेचाळीस-पन्नासलाच सुखात चालतो. मग उरले ते स्प्लिट, तुमच्याकडे घरोघरी असतात तसेच, फक्त थंडीसाठी बनवलेले. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरवर उणे पंचवीसपर्यंत तापवत राहणारे.

आता जे सांगतो ते कुणी हीट पंपाबद्दल विचारलं तर तू आवर्जून सांग. हीट पंपाने २३,००० युनिट उष्णता द्यायची तर सरासरी २.७च्या सीओपीने ८,५०० युनिट वीज लागते, म्हणजे २,५५० डॉलर. तेलाइतकेच! नुसतं यंत्र बदलून माझा एक डॉलर वाचत नव्हता. विकणाऱ्यांपैकी एकानेही हे मला सांगितलं नाही, कागदावर आकडे मांडले तेव्हा कळलं. वाचणार होतं ते घरातून निसटणाऱ्या उष्णतेत.

इथे राज्यात मास सेव्ह नावाची योजना आहे, वीज आणि गॅस कंपन्या मिळून चालवतात. त्यांचा माणूस फुकट येऊन घर तपासतो. त्याने पुढच्या दारात कापडी पडदा ताणून पंखा बसवला, घरातली हवा बाहेर ओढली आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा ५० पास्कलने कमी केला. मग मला म्हणाला, हात फिरवून बघा. दिल्या, घर अक्षरशः शिट्ट्या मारत होतं. माळ्याच्या झडपेतून, चिमणीच्या कडेने, तळघराच्या भिंतीवर लाकडी सांगाडा टेकतो तिथल्या फटीतून गार वारं आत घुसत होतं. एकोणीस वर्षं मी त्या घरात राहतोय आणि बाहेरची हवा तापवण्यासाठी तेल जाळत आलो, हे त्या दिवशी तळहाताला कळलं. फार वाईट वाटलं.

फटी बुजवल्या. भिंती पोकळ होत्या, त्यांना बाहेरून भोकं पाडून जुन्या वर्तमानपत्रांचा लगदा, कीड आणि आगीपासून बचावासाठी बोरेट मिसळलेला, दाबून भरला. माळ्यावर त्याचाच जाड थर पसरला. दोन दिवसांचं काम, तीन-चतुर्थांश खर्च योजनेचा. तो हिवाळा आम्ही मुद्दाम जुन्या बॉयलरवरच काढला, फरक बघायला. तेल पाव हिश्श्याने कमी लागलं. आणि जेवणाच्या टेबलाशी पायांना लागणारं वारं थांबलं.

त्यानंतर यंत्र. तीन ठेकेदार बोलावले. पहिल्याने घराभोवती एक चक्कर मारली आणि पाच टनांचं एक आउटडोअर, त्यावर पाच इनडोअर, असा भाव दिला. मी विचारलं, लोड, म्हणजे कडक थंडीत घराला किती उष्णता लागते ते, काढलात का? तो म्हणाला, अनुभवावरून सांगतो. तू सांगितलेले प्रश्न मी वहीत लिहून ठेवले होते: खोलीगणिक लोड काढणार का, गळती बघायला नायट्रोजनने प्रेशर टेस्ट करणार का, गॅस भरण्याआधी नळ्यांतली हवा उपसून व्हॅक्यूम किती मायक्रॉनपर्यंत ओढणार. तिसऱ्या ठेकेदाराने हे प्रश्न ऐकून हातातली पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, तुम्ही या धंद्यातले का? मी म्हटलं, माझा मित्र आहे, सांगलीत. त्याने खिडक्या मोजल्या, भिंती मोजल्या आणि उणे पंधरा अंशांना अडीच टनांचं लोड काढलं. खाली सव्वा टनाचं एक, माळ्यावरून छोट्या डक्टने वरच्या खोल्यांना दीड टनाचं दुसरं. पाच टनांचं मोठं यंत्र सौम्य थंडीत सारखं चालू-बंद होत राहिलं असतं आणि वीज खात बसलं असतं. काम तिसऱ्यालाच दिलं. व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनच्या खाली गेल्यावर त्याने मला बोलावून गेज दाखवलं, मी फोटो काढून तुला पाठवला तो तोच.

यंत्राच्या नळ्यांत फिरणारा गॅस आर-४१०ए आहे. तुमच्याकडे आर-३२ केव्हाच आला, इथे जानेवारी २०२५पासून नव्या यंत्रांना ४१०ए बंद झाला. नव्या गॅसच्या यंत्रासाठी मी चार महिने थांबायला हवं होतं का, हे अजून मनात येतं. पण सवलत हाताशी होती: संपूर्ण घर हीट पंपावर घेणाऱ्याला योजनेचे १०,००० डॉलर, केंद्राच्या करात २,००० सूट, उरलेल्याला बिनव्याजी कर्ज.

बॉयलर काढताना एक गोष्ट विसरलो होतो, ती वेळेत लक्षात आली. अंघोळीचं पाणीही तोच तापवायचा. आपल्या बंबासारखंच म्हण ना. मग ५० गॅलनचा हीट पंपवाला गीझर तळघरात बसवला. तो तिथल्याच हवेतून उष्णता घेतो, त्यामुळे दमटपणा गेला, पण तळघर गार झालं. आधी बॉयलरच्या वाया जाणाऱ्या उबेवर तळघरातल्या नळ्या न गोठता राहायच्या, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. मी सगळ्या नळ्यांना फोमची वेष्टणं घातली.

हिवाळा कसा गेला? पहिले पंधरा दिवस घरात कुरकुर होती. रेडिएटरची ऊब हाताला चटका देणारी, याची हवा जेमतेम चाळीस अंशांची, म्हणून बायकोला वाटायचं चालूच नाही. मग सवय झाली. रात्री तापमान उतरवायचं नाही, २० अंशांवर ठेवायचं आणि हात लावायचा नाही. जानेवारीत उणे पंधराच्या आसपास गेलेल्या रात्री मी दोनदा उठून बाहेर गेलो. आउटडोअर युनिटवर बर्फ साचायचं, ते वितळवायला यंत्र काही मिनिटं उलटं चालायचं, वाफेचा लोट उठायचा, आणि पुन्हा शांतपणे काम सुरू. गॅसची दिशा उलटवणाऱ्या चार मार्गी व्हॉल्व्हचा तो फुस्स आवाज ऐकून तूच बाजूला उभा आहेस असं वाटलं. आत २० अंश होते.

हंगामात तापवण्याला साधारण ६,४०० युनिट लागले, १,९२० डॉलर. म्हणजे सहाशेच्या आसपास वाचले, आणि ते सगळे त्या कागदाच्या लगद्याने वाचवले. लोक विचारतात, वीज गेली तर? अरे, तेलाचा बॉयलरही विजेशिवाय पेटत नव्हता. बैठकीतली लाकडाची शेगडी तेव्हाही होती, आताही आहे. आमच्या ग्रिडची साधारण निम्मी वीज अजून नैसर्गिक वायूवर होते, हे मला ठाऊक आहे. तरी वर्षाला ७०० गॅलनचा धूर आमच्या धुराड्यातून जात नाही, याचं मला समाधान आहे.

टाकी काढायला अग्निशमन दलाची परवानगी लागली. भरणीचा पाइपही मुळापासून काढून घेतला, नाहीतर एखादा टँकरवाला चुकून त्यातच तेल सोडायचा आणि तळघरात लाल तळं व्हायचं. टाकी होती तिथे फरशीवर चार पायांचे चार काळे गोल राहिलेत. लेकीने तिथे सायकल लावलीय.

आई नोव्हेंबरमध्ये यायचं म्हणतेय. तिकीट काढण्याआधी दोनदा विचारून झालं, "रात्री बंद नाही ना पडणार?" मी नाही म्हटलं आहे, पण तुझ्या तोंडून ऐकलं तर तिचा जास्त विश्वास बसेल. एकदा घरी जाऊन ये.

आणि एक काम. वरच्या मजल्याचं आउटडोअर युनिट बर्फाच्या वर राहावं म्हणून ब्रॅकेटवर भिंतीलाच टांगलंय. कॉम्प्रेसर अगदी हळू फिरत असला की लेकीच्या खोलीत बारीक घूं घूं येतं, वेग वाढला की जातं. रबरी पॅड आहेत, पण कडक वाटतात. रेकॉर्डिंग पाठवलंय. ऐकून सांग, पॅड बदलू की युनिट भिंतीवरून काढून खाली स्टँडवर घेऊ? पुढची थंडी यायच्या आत करून टाकायचं आहे.

काकूंना नमस्कार, वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अन्या